छत्तीस फोटो आणि एक पान

गेल्या वर्षी माझ्या कलाकारीमुळे आमच्या केनवडच्या अकरा बायकांचे मिळून आठशे रुपयांचे नुकसान झाले. रक्कम ऐकून वसतिगृहातल्या मित्रांना हसू येईल. हल्ली लग्नाआधीच्या फोटोंना याहून कितीतरी अधिक पैसे पडतात. परंतु ज्या बचत गटात आठवड्याला वीस-वीस रुपये साठवून हळद दळण्याचे यंत्र घेतले गेले, तेथे आठशे रुपये म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला हसू येणार नाही. त्या बायका मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट चहा पाजला. तो चहा मला फार कडू लागला, आणि या लेखाचे मूळ त्या चहात आहे.

मी छायाचित्रणाकडून वेबसाइटच्या रचनेकडे कसा आलो, आणि त्यातही कमीत कमी सामग्रीत भागवणारी रचना मला का करावीशी वाटू लागली, हे येथे सांगायचे आहे. या पद्धतीला जगभर मिनिमलिझम म्हणतात. त्याला अल्पतावाद वगैरे भारदस्त प्रतिशब्द देता येतील; पण आमची मोठी आई त्याला 'आटोपशीर' म्हणते आणि मला तोच शब्द पटतो.

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. सोयाबीन, तूर आणि पाण्याची सोय असेल तेथे हळद. कला म्हणून आमच्याकडे जे काही होते ते भजनीमंडळात, पोळ्याच्या बैलांच्या शिंगांवर आणि लग्नाच्या अल्बमात. माझ्या वाट्याला अल्बम आला, कारण मामांचा रिसोडला फोटो स्टुडिओ होता.

मामांनी धंदा सुरू केला तो रोलच्या काळात. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. साध्या लग्नाला एकच रोल परवडायचा, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे लग्न छत्तीस फोटोंत बसवायचे. मामांचा हिशेब ठरलेला असे. मंगलाष्टकांपर्यंत बारा, स्टेजवरच्या आहेराला दहा, पंगतीला दोन, आणि शेवटचे चार काही झाले तरी शिल्लक ठेवायचे, कारण पोरगी सासरी निघाली की तिच्या बापाचा चेहरा कधी कसा होईल याचा नेम नाही. फोटो धुऊन येईपर्यंत काय आले ते कळायचेही नाही. आता एका लग्नात दोन-तीन हजार फोटो निघतात आणि ते कोणी पाहत नाही. मामा हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. डिजिटल कॅमेरा त्यांनीही घेतला, त्याचे पैसेही फेडले. मग सर्वांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओत पासपोर्ट साइज फोटो व झेरॉक्स एवढेच उरले.

मी आठवीत असताना मामांच्या कॅमेऱ्याने आमच्या मोठ्या आईचा पहिला फोटो काढला. सुपात हळकुंडे घेऊन ती अंगणात बसली होती. ऊन चांगले होते, चेहरा चांगला आला होता, मी खूश होतो. मामांनी फोटो पाहिला आणि विचारले, "बापू, हे मोटरसायकलचं चाक कायले घेतलं मधात?" मी म्हटले, ते तिथे होतेच. मामा म्हणाले, "तिथं तं उकिरडाबी होता. तो कसा नाई घेतला?"

कॅमेरा काय करतो हे मला त्या दिवशी समजले. चित्रकार कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो आणि एकेक वस्तू त्यात आणतो. फोटो काढणाऱ्यापुढे सगळे जग आधीच भरलेले असते. त्याला एकेक वस्तू बाहेर काढावी लागते. दोन पावले पुढे सरकला की चाक गेले, खाली बसला की विजेच्या तारा दिसेनाशा झाल्या, भिंगाचे छिद्र मोठे केले की मागचा गोठा धूसर झाला. फोटोग्राफरचे बरेचसे कसब असे वगळण्यात खर्च होते.

यात एक गंमत आहे. काय वगळायचे हे दर वेळी कलावंत ठरवतो असे नाही; पुष्कळदा हातातले साधनच ते ठरवते. आमच्या भागातलेच उदाहरण घ्या. मेजर रॉबर्ट गिल हे नाव ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे आपल्याला पारोच्या गोष्टीतून माहीत आहे. परंतु दृश्यकलेच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करण्यासाठी नेमले. मूळ चित्रांच्या मापाच्या त्या भल्यामोठ्या नकला करण्यात त्याची वर्षानुवर्षे गेली. त्या इंग्लंडला गेल्या, आणि १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पण त्याआधीच गिलने कॅमेरा हाती घेतला होता. त्याच्या छायाचित्रांवर आधारलेले लेण्यांविषयीचे जेम्स फर्ग्युसनचे पुस्तक १८६४ साली निघाले. आमच्यापासून फार लांब नसलेल्या लोणारच्या देवळांचेही फोटो त्याने काढले आहेत. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

अजिंठ्याचा विचार करा आणि त्या काळच्या कॅमेऱ्याचा विचार करा. कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हता! ज्या रंगांसाठी माणसाने उमेदीची वर्षे घालवली, तेच नव्या साधनाने त्याच्याकडून काढून घेतले. उरले काय, तर दगड, त्यावरचा उजेड आणि खांबांच्या रांगा. मला नेहमी वाटते, रंग गेल्यामुळेच त्याला लेण्यांची बांधणी नीट दिसली असेल. हा आपला माझा तर्क. गिलने तसे कोठे लिहिले आहे असे मी म्हणत नाही.

दुसरे नाव आहे नसरीन मोहमदी यांचे. हे नाव मला आपल्या ग्रंथालयातल्या एका चित्रपुस्तकात भेटले आणि त्या दिवशी माझी शेवटची एस.टी. चुकली. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीचा, पण वाढल्या मुंबईत. लंडनला शिकल्या, नंतर पॅरिसलाही राहून आल्या. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची वासुदेव गायतोंडे यांच्याशी ओळख झाली. गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मले हे येथे अभिमानाने नोंदवून ठेवतो. विदर्भात कापूस आणि संत्रीच पिकतात असे समजणाऱ्यांसाठी. १९७२पासून नसरीनबाई बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवीत होत्या. १९९० साली त्यांचे निधन झाले.

त्यांची ओळख आहे ती रेषाचित्रांसाठी. कागदावर शाईने व पेन्सिलीने, वास्तुविशारद वापरतात ती उपकरणे घेऊन काढलेल्या बारीक रेषा. त्यांत माणूस नाही, झाड नाही, चित्राला नावसुद्धा नाही. परंतु याच बाई आयुष्यभर फोटोही काढत होत्या. मागावर ताणलेले सूत, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावरची ओली वाळू. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. ते लोकांसमोर आले त्यांच्या पश्चात. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने आपली नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन मोहमदींचे प्रदर्शन होते.

त्या पुस्तकात एका पानावर मागाच्या सुताचा फोटो होता आणि काही पाने पुढे एक रेषाचित्र. मी ती पाने पुढेमागे करीत बसलो. फोटोतून आधी विणकर वगळलेला होता, मग कापड वगळलेले होते, फक्त ताणा राहिला होता. रेषाचित्रात सूतही गेले होते आणि ताण तेवढा राहिला होता. ज्या गोष्टीवाचून चालते ती एकेक बाजूला ठेवायची, आणि जिच्यावाचून चालत नाही तिथे थांबायचे. मामा जे चाकाविषयी सांगत होते त्याचेच हे पुढचे टोक आहे, असे मला वाटले. (मामांना मी ते चित्र मोबाइलवर दाखवले. ते म्हणाले, "वहीच्या रेघा हायेत." असो.)

आता वेबसाइटकडे येतो. वेबचा जन्म मुळातच आटोपशीर आहे. १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट सुरू केली. पांढरे पान, काळी अक्षरे आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. चित्र एकही नाही. हे पान २०१३ साली सर्नने पुन्हा त्याच्या मूळ पत्त्यावर ठेवले आहे. आपल्या प्रयोगशाळेत बसून जरूर पाहा. तीस वर्षांहून जुने ते पान आजच्या मोबाइलवर विनातक्रार उघडते. वेबवर चढलेल्या अगदी पहिल्या फोटोंपैकी एक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो सर्नमध्ये हौसेने गाणी म्हणणाऱ्या चार बायकांच्या चमूचा आहे, १९९२चा. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही सुरुवात गॅदरिंगच्या फोटोपासूनच केली. १९९३ साली मोझाइक नावाचा ब्राउझर आला, त्यात मजकुराच्या मध्येच चित्र दिसू लागले आणि वेबचे रूप पालटले.

चित्र आले की वजन आले. हे वजन कसे मोजतात ते थोडे सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साध्या मोबाइलचा फोटो चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार ठिपके उंच धरा. एकूण ठिपके एक कोटी वीस लाख. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे साठवायचे, म्हणजे तीन कोटी साठ लाख बाइट, अर्थात ३६ मेगाबाइट. एवढा फोटो पाठवायचा कसा? यासाठी १९९२ साली जेपेग ही पद्धत प्रमाणित झाली. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो पण रंगातला बारीक फरक तितकासा कळत नाही, हे धरून प्रत्येक चौकोनातला जो तपशील डोळ्याच्या फारसा लक्षात येणार नाही तो ती टाकून देते. ३६ मेगाबाइटचे चारएक होतात आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हेही वगळणेच. फोटोग्राफर चौकटीच्या बाहेर वगळतो, जेपेग चौकटीच्या आत.

याउलट अक्षरे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, वेबवर साठवायला तीन बाइट लागतात. आपण वाचत आहात तो हा सबंध लेख साधारण पन्नास किलोबाइटचा भरेल. म्हणजे मोबाइलच्या एका फोटोच्या वजनात असे ऐंशी लेख मावतील. (संपादकांनी घाबरू नये.) जगातल्या सर्वसाधारण वेबपानाचे वजन आज दोन मेगाबाइटच्या वर गेले आहे, आणि त्यात मोठा वाटा चित्रांचा असतो.

एवढे ज्ञान मला आता आहे. त्या वेळी नव्हते, किंवा वर्गापुरते होते. द्वितीय वर्षाला असताना मोठी आई म्हणाली, "तू कालेजात काम्पुटर शिकते म्हन्तात, तं आमच्या हयदीचं कायतरी कर ना." गटाची हळद पुण्या-मुंबईला गेलेली गावची माणसे मागवीत, फोनवर भाव विचारीत. एक वेबसाइट असली तर दर वेळी सांगावे लागणार नाही, एवढीच तिची अपेक्षा. मी मात्र पेटलो. हळदीच्या शेताचे, उकडण्याच्या कढईचे, वाळत घातलेल्या हळकुंडांचे फोटो काढले. पान उघडताच पडदाभर पिवळे शेत, त्यावर हळूहळू उमटणारे गटाचे नाव, मग एकामागून एक सरकणारे नऊ फोटो, आणि शेवटी भाव. मराठी अक्षरे फ्लेक्सच्या फलकावर असतात तशी ठसठशीत हवीत, म्हणून मथळे आणि भावाची पाटीसुद्धा मी चित्र म्हणून तयार करून चिकटवली. एकूण वजन १८ मेगाबाइट. प्रयोगशाळेत ते पान क्षणात उघडले, सरांनी पाठ थोपटली, मी गावी गेलो.

गावी ते उघडलेच नाही. संध्याकाळी आमच्याकडे सगळ्यांचे मोबाइल एकदम चालू असतात आणि नेटचा वेग सेकंदाला एक मेगाबिटपर्यंत खाली येतो. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा १८ मेगाबाइट म्हणजे १४४ मेगाबिट; १४४ सेकंद, जवळजवळ अडीच मिनिटे. मोठी आई मोबाइल हातात धरून कौतुकाने बसली होती. दीड मिनिटाने म्हणाली, "निस्तं पांढरं दिसून राह्यलं." मग तिला स्वयंपाकाची आठवण झाली.

तरी मी ते तसेच ठेवले. पुण्या-मुंबईच्या लोकांना दिसते ना, मग झाले. यथावकाश हळद महाग झाली आणि गटाने भाव किलोला २२० रुपयांवरून २६० केला. मोठ्या आईने मला फोन करून सांगितले. पण भाव चित्रात होता. तो बदलायचा म्हणजे मूळ चित्र उघडून, आकडा पुसून, नवा लिहून, पुन्हा चढवायचे. माझी परीक्षा चालू होती. रविवारी करतो म्हटले. रविवारच्या आत एका गिऱ्हाइकाने पानावरचा २२०चा भाव दाखवून वीस किलो मागवली. बायकांनी लिहिलेला भाव पाळला. वीस गुणिले चाळीस, आठशे.

अक्षर हे चित्र म्हणून चिकटवण्याचा मोह मला का झाला, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यात माझ्या हौसेचा भाग होताच, पण मराठीच्या संगणकातल्या इतिहासाचाही थोडा होता. फार वर्षांपूर्वी मराठी मजकूर संगणकावर लिहायचा तर जो तो आपापला फॉन्ट वापरी, आणि कोणत्या आकड्याला कोणते अक्षर हे प्रत्येकाचे निराळे असे. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की ज्ञानेश्वरीच्या जागी इंग्रजी खुणांची खिचडी दिसायची. मग लोक धोका नको म्हणून मजकुराचे चित्रच करून पाठवीत. ती सवय फ्लेक्सवाल्यांमार्फत माझ्यापर्यंत पोचली होती. वास्तविक १९९१मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ चिन्हांची स्वतंत्र जागा मिळाली होती. 'क'चा आकडा जगात सगळीकडे एकच. पण आकडा ठरला तरी ते अक्षर पडद्यावर सुबक काढणारा कोणी तरी हवा.

ते काम ज्यांनी केले त्यांचे नाव आपल्याला माहीत असायला हवे, कारण त्यांचे अक्षर आपण सर्वांनी वाचलेले आहे. र. कृ. जोशी. जन्म १९३६, कोल्हापूरचे. जे. जे.त शिकले, उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते, कविता लिहीत, आणि कवितेची अक्षरेच चित्रासारखी मांडून पाहत. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अक्षररचना शिकवली, आणि नंतर संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट केले. विंडोज २०००बरोबर जो 'मंगल' फॉन्ट आला तो जोशींचा. सरकारी कचेऱ्यांतले कितीतरी अर्ज, दाखले आणि परिपत्रके त्या अक्षरात निघाली. २००८ साली ते गेले.

कुंचल्याने मुक्त अक्षरे काढणाऱ्या माणसाने पडद्याच्या मोजक्या ठिपक्यांसाठी अक्षर काढायचे, म्हणजे गिलने रंग सोडण्यासारखेच आहे. त्यातून आपली लिपी मोठी मानी. 'अर्धा' लिहिताना आपण र् आधी लिहितो, पण तो जाऊन बसतो 'धा'च्या डोक्यावर. 'कि'मधली वेलांटी संगणकात 'क'च्या नंतर साठवलेली असते आणि दिसते आधी. हे सगळे फॉन्टच्या आत सूत्रांनी सांभाळावे लागते. ओळीच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि ऋकार. म्हणून रोमन लिपीसाठी पाश्चात्त्य रचनाकारांनी दिलेली दोन ओळींमधली मापे मराठीला जशीच्या तशी लावली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आटोपशीर रचना म्हणजे दाटीवाटीची रचना नव्हे. मराठीला जागा अधिक लागते, आणि ती देण्यासाठीच बाकीचे वगळायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते पान पुसून टाकले आणि नव्याने बसलो. या वेळी कोऱ्या पानावर काय काय मांडू, असे न विचारता मामांच्या पद्धतीने हिशेब केला: छत्तीसच फोटो आहेत असे समजून. गिऱ्हाइकाला काय हवे? हळद कोणाची, भाव काय, किती मिळेल, फोन कोणाला करायचा. चार गोष्टी. त्या चार ओळींत मावल्या. मजकूर हा मजकूर म्हणूनच लिहिला, त्यामुळे तो बोटांनी मोठा करता येतो, शोधता येतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल तो वाचूनही दाखवतो. चित्रातले अक्षर यांतले काहीच करू देत नाही. वेगळा फॉन्ट पाठवला नाही, कारण मोबाइलमध्ये देवनागरी आता असतेच आणि फॉन्ट पाठवला तर त्याचेच शे-दीडशे किलोबाइट होतात. अंतर, रंग, आकार या सूचना निराळ्या ठेवल्या. मजकूर आणि त्याचे दिसणे वेगळे ठेवण्याची ही सोय हाकन विउम ली यांनी १९९४ साली सुचवली, आणि तिच्यामुळे भाव एकाच ठिकाणी, एकाच ओळीत राहतो. फोन नंबर असा लिहिला की त्यावर बोट ठेवताच फोन लागावा.

रंगाच्या बाबतीत मी एकदा घसरलो. हळदीचे पान म्हणून अक्षरे हळदीची केली. घरात छान दिसली. दुपारी शेतात मोबाइल उघडला तर काहीच दिसेना. पांढऱ्यावर पिवळे, त्यात वैशाखाचे ऊन! इतकी वर्षे उजेडाचा धंदा करणाऱ्या माणसाचा भाचा असून हे आधी सुचू नये याची लाज वाटली. सर्वांना वाचता यावे यासाठी वेबचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या अक्षराच्या आणि मागच्या रंगाच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतके प्रमाण सांगितले आहे. पिवळे त्याच्या जवळपासही जात नाही. अक्षरे काळी केली. पिवळा रंग भावाखालच्या एका रेघेला ठेवला.

फोटो मात्र एकही ठेवला नाही. नसरीनबाई डोक्यात होत्या. पान जेमतेम दहा किलोबाइटचे झाले, मोठ्या आईच्या मोबाइलवर बोट ठेवताच उघडले, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिने ते वरून खाली वाचले. तिला वाचता आले ही मोठीच गोष्ट होती. मग म्हणाली, "हे झालं आटोपशीर. पन आमचं तोंड कुठी गेलं?"

मी तिला समजावू लागलो की फोटोवाचून चालते. ती म्हणाली, गिऱ्हाईक फोनवर पहिले हेच विचारते, तुम्ही कोणत्या? ज्या बाईचा हात हळदीत आहे तिला पाहिले की भेसळीचा संशय राहत नाही. तुमच्या शहरात दुकानाला पाटी असते, आमची पाटी म्हणजे आमचे तोंड. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. नसरीन मोहमदींना स्वतःच्या कागदावरून माणूस वगळण्याचा पूर्ण अधिकार होता. कागद त्यांचा होता. हे पान माझे नव्हते. कशावाचून चालते हे मी माझ्यापुरते ठरवले होते आणि ज्या अकरा जणींचे पान त्यांना विचारलेच नव्हते. पहिल्या वेळी नऊ फोटो घालतानाही विचारले नव्हते, हे त्यातले आणखी एक.

मग फोटो काढला. एकच. अकराही जणी, सुपे घेऊन, गिरणीच्या भिंतीपाशी. मामा रिसोडहून मुद्दाम आले आणि माझ्या मागे उभे राहिले. बोलले काही नाही, फक्त एकदा पायाने जमिनीवरची चप्पल चौकटीबाहेर सरकवली. फोटो आठशे ठिपके रुंद, सहाशे उंच असा लहान केला. मोबाइलच्या रुंदीला तेवढे पुरते, आणि ठिपके पंचविसाव्या हिश्शावर येतात. जेपेगने तो ऐंशी किलोबाइटवर आला. सगळे पान नव्वद किलोबाइट, आधीच्या पानाचा दोनशेवा भाग. केनवडच्या संध्याकाळच्या नेटवर एका सेकंदाच्या आत उघडते.

माझे मित्र म्हणतात, यात तू केलेस काय? पान पाहिले तर दहावीच्या मुलाने केल्यासारखे दिसते. पहिले पान मी मोबाइलवर अजून जपून ठेवले आहे. ते दाखवले की तेच मित्र वाहवा करतात. यावर मी वाद घालत नाही. मात्र हे काम स्वस्तात सुटणारे आहे असे कोणी समजू नये. पहिले पान मी चार रात्रींत केले होते, दुसऱ्याला सगळी सुट्टी गेली.

भावाची ओळ कशी बदलायची हे मी चुलत बहिणीला शिकवून ठेवले आहे. ती दहावीत आहे. आकडा बदलायचा, जतन करायचे, झाले. त्यानंतर भाव दोनदा बदलला आणि मला ते कोणी कळवलेही नाही. पान उघडले तेव्हा समजले. मागच्या महिन्यात मात्र बहिणीचा फोन आला. माल संपला होता आणि फोन थांबत नव्हते. भाव, वजन, सगळे काढून टाकू का, असे ती विचारत होती. मी म्हटले, मोठ्या आईला विचार. मागून मोठ्या आईचा आवाज आला, "सगळं राहू दे. वर निस्तं लिव्ह, हयद संपली."